कुमीरपुकुरची कोरी भिंत

आमच्या भागात मगर नाही आणि तळंही नाही, तरी नाव कुमीरपुकुर, म्हणजे मगरीचं तळं. तळं माझ्या आजेसासऱ्यांच्या काळातच बुजवलं. मगर म्हणे त्याच्याही आधी निघून गेली. कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही, पण माझे सासरे म्हणायचे, "निवडून आली असेल." मी लग्न होऊन कलकत्त्याच्या या टोकाला आले तेव्हा हे नाव ना रस्त्याला होतं, ना बाजाराला, ना टपाल कचेरीला. रस्त्याला कुणा साहेबाचं नाव, बाजाराला कुणा जमीनदाराचं. कुमीरपुकुर हे नाव होतं फक्त आमच्या मतदारसंघाला. निवडणूक आली की ते सगळ्या भिंतींवर दिसायचं आणि निकाल लागला की चुन्याखाली जायचं.

या मतदारसंघानं काय काय पाहिलं! पहिला आमदार डॉक्टर, बायकांची नाडी फुकट बघायचा आणि नवऱ्यांना दुप्पट फी लावायचा. मग तागाच्या गोदामातला एक कामगार पुढारी आला, त्याचा घसा कायम बसलेला. मग एक वकील. त्यानं आमच्या वळणावर मोठ्या थाटात सार्वजनिक नळ बसवला. हार घातला, फीत कापली, आणि दुर्गापूजा यायच्या आत नळ फुटला. तो पुढे कधीच दुरुस्त झाला नाही. तेव्हापासून त्या वळणाचं नाव 'फुटका नळ'. भाड्याच्या ऑटोरिक्षा तिथे थांबू लागल्या तेव्हा ऑटोवालेही उतरणाऱ्यांसाठी तेच ओरडायला लागले, "फुटका नळ! फुटका नळ कोणी आहे?" वकीलसाहेब पुढे हरले, पण त्यांची एवढी आठवण राहिली.

आणि त्याच वळणावर होतं निहारबाला कुंडूचं घर. गल्लीतला लहानथोर तिला पिशी म्हणायचा, म्हणजे आत्या. तिला सख्खं भाचरू एकही नव्हतं, त्यामुळे सगळी गल्लीच तिची भाचरं झाली होती. लग्न केलं नाही. घराच्या पुढच्या पडवीत कढई मांडून ती भजी तळायची आणि मुरमुऱ्यांबरोबर कागदाच्या पुड्यात द्यायची. तिची वांग्याची भजी खायला लोक ट्रामचा एक थांबा आधी उतरायचे. बाई बुटकी, माझ्या खांद्याला लागायची, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला चोर इकडे दचकावा. भज्यांवर भजी तळून तिनं दोन खोल्यांचं पक्कं घर उभं केलं, आणि त्या घराला वळणाच्या बाजूनं एक लांबलचक भिंत आली. कुमीरपुकुरात तशी भिंत दुसरी नव्हती. बस, ट्राम, शाळा, बाजार, सगळीकडून दिसायची.

आमच्याकडे निवडणुकीची एक पद्धत आहे. वर्षभर आधीच पक्षाची पोरं भिंतीच्या कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि साल खरडून जातात. भिंत अडकली. मग दुसरा पक्ष तिला हात लावत नाही. दोन्ही पक्ष एकमेकांची डोकी फोडतील, पण हा नियम मोडणार नाहीत. घरमालकाला मात्र कोणी विचारत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार! पक्षांची नावं मी घेत नाही. दोघांचीही माणसं माझ्याकडे पूजेची वर्गणी मागायला येतात, मला इथेच राहायचंय.

मी नवी नवरी होते त्या वर्षी पिशीच्या ताज्या भिंतीवर सकाळी सकाळी पुरुषभर उंचीची अक्षरं उमटली होती. पिशी बाहेर आली, पदर खोचला.

"कुणी केलं रे हे?"

"आमच्या पोरांनी, पिशी," कोपऱ्यावरचा एक कार्यकर्ता खुशीत म्हणाला. "कसं झक्क दिसतंय!"

"भिंत कुणाची?"

"तुझीच की. पण मत आम्हालाच देतेस ना?"

"ते मी तुला सांगू? अरे, मत गुप्त असतं म्हणून सरकार पडदा लावतं. मी पडद्याआड जाऊन शिक्का मारायचा आणि माझ्या भिंतीनं चव्हाट्यावर उभं राहून जगाला सांगायचं? भिंत काय चुगलखोर आहे माझी?"

तिनं चुन्याची बादली आणली, स्टुलावर चढली आणि उमेदवाराला नाकापासून पायापर्यंत पांढरा केला. लोक गोळा झाले. माझे सासरे भले माणूस, ते हळूच म्हणाले, "निहार, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मासा कसला, दादा? इथून तर मगरसुद्धा पळाली!"

पोरांनी पुन्हा लिहिलं, तिनं पुन्हा पुसलं. मग दुसऱ्या पक्षाला जोर चढला, त्यांनी लिहिलं, तिनं तेही पुसलं. शेवटी पिशीनं कढईवरून जाहीर केलं की ज्याचं नाव भिंतीवर दिसेल त्या पक्षाच्या एकाही माणसाला भजी मिळणार नाही, पुढाऱ्यालाही नाही. तुम्हाला हसू येईल. पण संध्याकाळी प्रचार कचेरीत चहा आहे आणि वांग्याची भजी नाहीत, अशी सभा आमच्याकडे बसतच नाही. चार दिवसांत दोन्ही पक्षांचे म्होरके हात जोडून आले. भिंत कोरी राहिली. त्यानंतर जो जो उमेदवार उभा राहिला तो अर्ज भरून आला की आधी त्या कोऱ्या भिंतीखाली उभा राहून एक भजं खायचा आणि पिशीच्या तोंडाकडे बघायचा, काही कळतंय का म्हणून. काही कळायचं नाही.

मतदानाच्या दिवशी आमची गल्ली एकत्र निघायची. बायका सकाळी चूल उरकून घ्यायच्या, ठेवणीतल्या साड्या नेसायच्या, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून बाहेर पडून गल्लीच्या टोकाच्या शाळेत रांग लावायच्या. पिशी सगळ्यांच्या पुढे. कुणी कुणाला मत दिलं यावर त्या दिवशी बोलायचं नाही, हा तिचा दंडक. दुसऱ्या दिवसापासून भांडायला मोकळ्या.

आणि मग एके दिवशी हाबुल बातमी घेऊन आला. हाबुल म्हणजे त्या वर्षी जो पक्ष जोरात असेल त्या पक्षाचा आमचा स्थानिक कार्यकर्ता. कढईसमोर बाकावर बसून म्हणाला, "ऐकलंस का पिशी? कुमीरपुकुर गेलं."

"कुठे गेलं?"

"रद्द झालं. नवे नकाशे निघालेत. मतदारसंघ मोडून अर्धा इकडे जोडला, अर्धा तिकडे. रेषा आपल्या गल्लीतूनच जाते. तुझी बाजू पुलापलीकडच्या मतदारसंघात, आणि बौदीची बाजू," म्हणजे वहिनीची, माझी, "बाजाराकडच्या. काय फरक पडतो म्हणा. भजी तीच, तेल तेच."

पिशीच्या हातातला झारा थांबला. कढईतली भजी करपली, आणि तेवढ्या वर्षांत मी तिची भजी करपलेली पहिल्यांदा पाहिली. तिनं ती तशीच हाबुलच्या पुड्यात घातली.

हरकत असेल तर येऊन सांगा, अशी सरकारी सुनावणी एका सभागृहात ठेवली होती. गल्लीतून कोणी जाईना. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळीचं मत कशाला, असं आमचे हे म्हणाले. पिशी ट्राममध्ये बसली तेव्हा मीच तिच्याबरोबर होते. समोर साहेब होते, मवाळ, चष्म्यावाले. त्यांचा काही दोष होता असं मी म्हणणार नाही.

"आजी, तुमच्या भागातली माणसं कमी झाली हो," ते समजावून सांगत होते. "लोक बाहेर फ्लॅटमध्ये राहायला गेले. एवढ्याशा वस्तीला स्वतंत्र आमदार कसा द्यायचा?"

"माणसं कमी झाली की जागा पुसतात?"

"तसा नियम आहे."

"माझ्या घरात मी एकटी राहते. मग माझं घर कधी पुसणार?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेबही हसले, पण त्यांनी पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली होती. "तुम्ही आपलं ठिकाण कोणतं सांगितलंत?"

"कुमीरपुकुर."

"ते आता नाही, आजी. दुसरं काहीतरी सांगा."

पिशी पांढरीफटक पडली. मला वाटलं चक्कर येते की काय. मी तिला धरून बाहेर आणलं. परतीच्या ट्राममध्ये ती खिडकीकडे बघत बसली होती, आणि अचानक बोलायला लागली. इतकी वर्षं शेजारी राहून तिनं मला हे सांगितलं नव्हतं.

"बौमा, हेच वाक्य मी एकदा ऐकलंय." बौमा म्हणजे सूनबाई, मला ती कायम हेच म्हणायची. "पूर्व बंगालातल्या बारिसालहून आलो आम्ही, मी आणि भाऊ. फाळणीची रेषा आमच्या गावाच्या कितीतरी अलीकडून गेली. आधी शियालदा स्टेशनावर राहिलो, मग इथे झोपडी बांधली. भाऊ तापानं गेला. मग पहिली निवडणूक आली. मतदारांची नावं लिहायला एक मास्तर दारोदार हिंडत होता. म्हणाला, नाव? सांगितलं. म्हणाला, गाव? मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. तर म्हणतो, ते आता आपल्यात नाही, दुसरं सांग. मी म्हटलं, या जागेला काय म्हणतात? तो म्हणाला, कुमीरपुकुर. मी म्हटलं, मग तेच लिही. त्या दिवसापर्यंत मी कुठलीच नव्हते, बौमा. त्या दिवसापासून मी कुमीरपुकुरची. आणि आता हा म्हणतो, दुसरं सांगा. किती वेळा दुसरं सांगू मी?"

मला रडू आलं, मी नाक पुसलं. तिनं मला कोपर मारलं.

"रडतेस काय? तेव्हा रेषा आली आणि आम्ही उठून पळालो. मी सतरा-अठरा वर्षांची होते, मला काय कळत होतं. आता मी ऐंशीला टेकले. आता मी नाही उठायची."

नव्या मतदारसंघांच्या पहिल्या निवडणुकीचा हंगाम आला. भिंती अडकायला लागल्या. एका सकाळी पिशीनं पांचूला बोलावलं. पांचू आमच्या भागातला भिंती रंगवणारा, सकाळी एका पक्षाची भिंत लिहायचा, दुपारी दुसऱ्याची, आणि दोन्हीकडे जेवायचा. पिशी म्हणाली, "माझी भिंत रंगव."

पांचूच्या हातातली विडी पडली. "तुझी? कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"उमेदवार कोण?"

"कोणी नाही."

"मग लिहू काय? चिन्ह तरी?"

"लिही: कुमीरपुकुर. ट्राममधून वाचता येईल एवढं मोठं. खाली लिही: इथेच आहे. आणि चिन्ह हवंच असेल तर मगर काढ."

"मगर मी कधी बघितली नाही, पिशी."

"मीही नाही. काढ."

पांचूनं घरच्या भिंतीवरची पाल आठवून मगर काढली, त्यामुळे ती जरा पालीसारखीच झाली. पण अक्षरं काय काढली होती! निळी, काळ्या कडांची, एकेक अक्षर दरवाजाएवढं. अख्खी गल्ली बघायला जमली. एवढ्या वर्षांची कोरी भिंत पहिल्यांदा बोलली होती, आणि ती पिशीचं मत बोलत होती.

संध्याकाळी हाबुल आला. "पिशी, हे काय आरंभलंस? पुसून टाकायला लावतील. त्यापेक्षा माझं ऐक. खाली कोपऱ्यात आमचं एवढंसं नाव येऊ दे. मग बघतो कोणाची टाप आहे हात लावायची."

"आणि नाव नाही येऊ दिलं तर?"

"तर मग आमचा इलाज नाही. भिंत गेली समज."

पिशीनं मुरमुऱ्यांचा पुडा भरला, मिरची ठेवली, त्याच्या हातात दिला. भजं एकही घातलं नाही. हाबुल ते कोरडे मुरमुरे चावत मुकाट्यानं गेला.

दोन दिवसांनी निवडणुकीची सरकारी गाडी आली. एक तरुण अधिकारी उतरला, मागे फोटोवाला, मागे शिपाई आणि चुन्याची बादली. पिशी कढईमागून उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी माझ्या दारात, जीव मुठीत धरून.

"हे कुणी लिहिलं?" अधिकारी म्हणाला.

"मी लिहून घेतलं."

"घरमालकाची परवानगी लागते."

"घरमालक मीच. दिली."

"हे चिन्ह कुठल्या पक्षाचं? ही पाल?"

"मगर आहे ती," भिंतीमागून पांचू दुखावून ओरडला.

"कुठल्याच पक्षाची नाही," पिशी म्हणाली.

"पण भिंतीचा खर्च उमेदवाराच्या नावावर धरावा लागतो. उमेदवार कोण?"

"बाबा, मतदारसंघच तुम्ही ठेवला नाहीत, उमेदवार कुठून आणू? आणि उमेदवार नाही तर खर्च कुणाच्या नावावर धरणार?"

अधिकाऱ्यानं रुमालानं मान पुसली. "ते काही असो. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत काहीही लिहिलेलं चालत नाही. ही भिंत आत येते. हा नियम तरी ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"कुठलं केंद्र?"

"ही समोरची शाळा."

"शाळेतलं केंद्र तुम्हीच हलवलंत की! शाळा मोडकळीला आली म्हणालात. आमच्या बाजूच्यांना पुलापलीकडच्या कॉलेजात पाठवलंत, आणि हिच्या बाजूच्यांना बाजाराच्या हॉलमध्ये. आता या शाळेत मांजरसुद्धा मत देत नाही. कशापासून शंभर मीटर मोजतोस? मोज."

अधिकाऱ्यानं शाळेकडे बघितलं. फाटकाला कुलूप होतं. फोटोवाला खाली मान घालून हसत होता. अधिकारी शिपायाकडे वळून म्हणाला, "पुसू नका रे. चला." गाडीत बसताना त्यानं हळूच विचारलं, "आजी, ती वांग्याची भजी आहेत का?" पिशीनं दिली. पैसे मात्र मोजून घेतले.

मतदानाचा दिवस उजाडला. आमच्या बाजूनं बाजाराकडे जायचं होतं, पिशीच्या बाजूनं पुलाकडे. मी साडी नेसून दाराबाहेर आले तर पिशी गल्लीच्या टोकाकडे चालली होती. मी हाक मारली, "पिशी, अगं, पूल तिकडे!"

"ठाऊक आहे मला."

ती सरळ शाळेसमोर गेली आणि कुलूपबंद फाटकापुढे उभी राहिली. मला राहवेना, मी तिच्यामागे उभी राहिले. आता आमच्या लोकांची खोड तुम्हाला सांगायला हवी. रांग दिसली की आमचा माणूस कशाची ते न विचारता तिला लागतो. मुखर्जींच्या घरच्या बायका आल्या, त्या लागल्या. पांचू लागला. माझे हे दाढी अर्धी सोडून आले. बाजूच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाटलं जुनं केंद्रच चालू आहे, ते पिशव्या घेऊन आले. बघता बघता रांग वळणावरून ट्रामच्या रुळांपर्यंत गेली. पोलिसांची गाडी आली.

"इथे मतदान नाही!" शिपाई ओरडला. "कशाला उभे आहात?"

"आम्हाला माहीत आहे," पिशी म्हणाली. "रांगेत उभं राहायला बंदी आहे का?"

"पण कशासाठी?"

"इथे उभी राहून मी पहिलं मत दिलं. आज जाताना सांगून जाते, एवढंच."

तिनं फाटकाच्या गजांना हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. रांगेत कोणी हललं नाही. हाबुलही येऊन मागे उभा होता. त्याचा पक्ष कुठला हे त्या क्षणी तोही विसरला असावा. मग पिशी वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "झालं! आता निघा. डावीकडचे बाजारात, उजवीकडचे पुलावर. आणि मत द्या मुकाट्यानं, घरी बसू नका. रेषा त्यांनी काढली म्हणून मत काय त्यांना बक्षीस द्यायचं?"

तिच्या गुडघ्यांना पुलाचे जिने झेपणारे नव्हते. मी आधी तिला पुलापलीकडे नेलं, मग परत येऊन माझ्या हॉलमध्ये गेले. शेवटच्या काही जणांत माझं मत पडलं.

निकालानंतर सगळ्या भिंती चुन्याखाली गेल्या. पिशीची राहिली. तिला चुना लावायचा हुकूम कोणाच्या अखत्यारीत येतो हेच कुणाला ठरवता येईना. भिंत एका मतदारसंघात, तिची सावली दुसऱ्यात.

त्या थंडीत रस्ता खणला गेला आणि वकीलसाहेबांचा फुटका नळ कामगारांनी उपटून नेला. ऑटोच्या रांगेत नवी पोरं आली होती. त्यांना नळ कुठला, फुटला कधी, काही ठाऊक नव्हतं. त्यांना वळणावर दिसायची ती भिंत.

एका संध्याकाळी मी पिशीच्या पडवीत वांगी चिरत बसले होते. ती आता उभं राहून तळू शकत नव्हती, बसूनच तळायची, कानही जड झाले होते. वळणावर एक ऑटो येऊन थांबली. भरलेली होती. पोरगेल्या ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढून भिंतीकडे पाहिलं आणि मागच्या माणसांना ओरडून विचारलं, "कुमीरपुकुर! कुमीरपुकुर कोणी आहे?"

पिशीचा झारा थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, हो, तेच म्हणाला. मग तिनं तोंड रस्त्याकडे वळवलं आणि असा आवाज लावला की ऑटोतली सगळी माणसं दचकली.

"आहे रे! मी आहे!"